रोजच्या ये-जासाठी छोटी इलेक्ट्रिक गाडी : रेंजच्या आधी प्लग बघा

निवांत (धागाकर्ता)

छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं कुणाच्या मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" मी रोज ऑफिसला अशाच गाडीने ये-जा करतो, आणि माझं मत असं झालंय की हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी हे विचारा की रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे विजेचा प्लग आहे का. असेल तर छोटी गाडी रोजच्या कामाला आरामात पुरते. नसेल तर मोठी बॅटरी घेऊनही डोक्याचा ताप संपत नाही.

हिशोब मांडतो. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास. छोटी गाडी शहरात एका युनिटला साधारण ७ ते ८ किलोमीटर देते. जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले तर बॅटरीतून साडेपाच युनिट जातात. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, ती धरून भिंतीतून सहा-सव्वासहा युनिट घ्यावे लागतात. साध्या १० अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर २.३ किलोवॅट मिळतात. म्हणजे पावणेतीन तासांत दिवसाचा खर्च भरून निघतो, आणि गाडी रात्री नऊ-दहा तास नुसती उभी असते. रोजच्या प्रवासाला फास्ट चार्जरची गरजच पडत नाही.

आता बॅटरी किती मोठी हवी? निसानची साकुरा २०२२ साली जपानमध्ये आली. बॅटरी फक्त २० युनिटची, कंपनीचा आकडा १८० किलोमीटर, गाडीची लांबी जेमतेम ३.४ मीटर. त्या वर्षीचा 'जपान कार ऑफ द इयर' पुरस्कार तिला आणि मित्सुबिशीच्या जुळ्या मॉडेलला मिळून मिळाला. चीनमधली वुलिंग होंगगुआंग मिनी २०२० मध्ये आली, तिची सगळ्यात छोटी बॅटरी ९.३ युनिटची होती, आणि ती गाडी धडाधड विकली गेली. या गाड्या बनवणाऱ्यांनी लोक रोज खरोखर किती फिरतात ते बघितलं, आणि तेवढीच बॅटरी दिली.

बॅटरी हा गाडीचा सगळ्यात महाग भाग, आणि जडही. एका युनिटमागे सहा-सात किलो वजन पडतं. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याने २० ऐवजी ६० युनिटची बॅटरी घेतली तर अडीचशे किलोंचं ओझं तो वर्षभर उगाच वाहतो. ती बनवताना झालेलं प्रदूषण वेगळंच. त्यामुळे छोटी बॅटरी म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड असं मी मानत नाही. रोजच्या प्रवासासाठी ती जास्त शहाणपणाची निवड आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी लिहावंच. पण ज्यांना पार्किंगमध्ये प्लग मिळत नाही त्यांचं म्हणणं मला जास्त वाचायचंय.

ओंजळ

चांगला धागा. माझा रस्ता कायम तुंबलेला असतो, म्हणून ट्रॅफिकमधल्या वापराबद्दल लिहिते.

गाडी जागच्या जागी उभी असताना मोटर काहीच खात नाही. एसी, दिवे, स्क्रीन एवढाच खर्च. केबिन एकदा थंड झाली की एसीला तासाला एका युनिटच्या आतच लागतं. म्हणजे तासभर पूर्ण अडकून पडलं तरी पाच-सात किलोमीटर रेंज जाते, बस. पेट्रोल गाडीत तोच तास इंजिन फुकट घरघरत राहतं. लोक म्हणतात ट्रॅफिकमध्ये बॅटरी संपेल. उलट ट्रॅफिकमध्येच ही गाडी सगळ्यात कमी खाते.

दुसरं, गुडघा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट जनित्रासारखी चालते, गाडी हळू होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. क्लच नाही, गिअर नाही, ब्रेकवर पायही क्वचित. घरी पोचल्यावर डावा पाय आखडत नाही, यासाठी मी ही गाडी कधीच सोडणार नाही.

एक मात्र सांगते. ब्रेक इतके कमी वापरले जातात की डिस्कवर गंज चढतो. पावसाळी दिवसांत सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा ब्रेक जोरात दाबावा, साफ होतो. याच कारणाने काही कंपन्या इलेक्ट्रिक गाडीला मागे पुन्हा ड्रम ब्रेक देतात, फोक्सवॅगनच्या आयडी.३ ला आहेत.

पायपीट

एका माणसाला ऑफिसात न्यायला हजार किलोंची गाडी, मग ती पेट्रोलवर चालो की विजेवर. रस्त्यावरची जागा तेवढीच अडते. बस किंवा रेल्वे चांगली असेल तिथे हा प्रश्नच येऊ नये. एकट्याला जायचं असेल तर इलेक्ट्रिक स्कूटरचाही विचार व्हावा, तिला दोन-तीन युनिटची बॅटरी पुरते.

आणि पायी चालणाऱ्यांच्या बाजूने एक : या गाड्या हळू असताना मागून येतात ते कळतच नाही. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज काढणारं यंत्र सक्तीचं आहे. तुमच्या गाडीत ते बंद करायचं बटण असेल तर कृपा करून दाबू नका.

चकवा

निवांत, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे आणि प्लग नाही. इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी जागा ठरलेली आहे, मीटररूम खालीच आहे, पण कमिटी परवानगी देत नाही. "आज तुला दिलं तर उद्या सगळे मागतील," एवढंच कारण.

मग आठवड्यातून दोनदा बाहेर चार्जिंग. माझी गाडी डीसीवर, म्हणजे फास्ट चार्जरवर, जास्तीत जास्त ३० किलोवॅट घेते. १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जायला कागदावर पाऊण तास. प्रत्यक्षात काय होतं? पोचलो की तिथे एक गाडी लावलेली. तिचं चार्जिंग संपलंय, स्क्रीनवर १०० टक्के दिसतंय, मालक कुठे गेलाय माहीत नाही. ती निघेपर्यंत थांबायचं. मग ॲप उघडायचं, ॲपच्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे, क्यूआर कोड स्कॅन करायचा. जाडजूड केबल ओढून गाडीत खुपसायची, खट्ट आवाज येतो, चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात, आणि कधीकधी मिनिटभराने लाल दिवा लागतो. पुन्हा पहिल्यापासून. दुसरी कंपनी असेल तर दुसरं ॲप. ऑफिसातून निघाल्यावर हे करताना संध्याकाळ संपते.

गाडी म्हणून मला ती मनापासून आवडते. चालवायला, वळवायला, फटीत लावायला दुसरी इतकी सोपी गाडी मी बघितली नाही. पण प्लग नसलेल्या माणसाला "रोजच्या वापराला उत्तम" असं मी सांगू शकत नाही.

निवांत

चकवा, हे असंच्या असं सगळ्यांनी वाचायला हवं. मोठी बॅटरी असती तर तुमची आठवड्याची फेरी दोनवरून एकवर आली असती, पण त्या फेरीतला त्रास तोच राहिला असता. घरी प्लग नसेल तर एकच दुसरा मार्ग मला दिसतो : ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्लग. तिथेही गाडी आठ-नऊ तास उभीच असते, साधा सॉकेट पुरतो. दोन्हीकडे नसेल तर निदान आज तरी घेऊ नये, हेच माझं उत्तर.

पायपीट, बस-रेल्वेबद्दल पूर्ण सहमत. हा धागा ज्यांना गाडी लागतेच त्यांच्यासाठी आहे.

रोहित्र

वायरिंगचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो, कारण "साधा सॉकेट पुरतो" हे वाक्य अर्धंच आहे. पुरतो, पण तो धड असेल तर.

इस्त्री, मिक्सर, गीझर ही उपकरणं थोडा वेळ चालतात आणि बंद होतात. गाडी तीन, चार, कधी आठ तास सलग पूर्ण करंट ओढते. पार्किंगमधला जुना सॉकेट, ज्याच्या पकडी सैल झाल्यात, तो इस्त्रीला चालून जातो आणि गाडीला जळतो. प्लग पिवळा-तपकिरी पडतो, जळकट वास येतो, मग प्लास्टिक वितळतं. दोष गाडीचा नसतो, सैल जोडाचा असतो. जिथे जोड सैल तिथे रोध जास्त, जिथे रोध जास्त तिथे उष्णता.

म्हणून गाडीला मीटरपासून वेगळी लाइन ओढा. १६ अँपियरच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घाला, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. त्या लाइनला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की तोडणारा) हवा. अर्थिंग मोजून घ्या. गाडीचे बरेच पोर्टेबल चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत आणि लोक चार्जर खराब आहे म्हणून परत करायला जातात. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नको, गुंडाळी केलेला तर मुळीच नको, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. पहिल्या रात्री तासाभराने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

चकवा, तुमच्या कमिटीची भीती अगदी खोटी नाही. २० गाड्या एकदम ३.३ किलोवॅटने लागल्या तर ६६ किलोवॅट भार होतो, आणि संध्याकाळी लिफ्ट, पंप, घरोघरचे एसी चालू असताना तो झेपणार नाही. पण प्रत्येक गाडीला रात्री दोन-तीन तासच लागतात, हे निवांतने वर मांडलंय. म्हणजे अर्ध्या गाड्या मध्यरात्रीच्या आधी, अर्ध्या नंतर, असं टायमरने वाटून दिलं तर भार निम्मा. भार आपोआप वाटून देणारे चार्जरही मिळतात. प्रत्येकाला सबमीटर लावला की बिलाचं भांडण मिटतं. सगळे मागतील म्हणून नकार देण्यापेक्षा सगळे मागतील असं धरून एकदाच जाड केबल टाकणं स्वस्त पडतं.

काठावर

रेंज आणि प्लग यांच्यावर एवढं बोलणं झालं, पण धडक झाली तर काय? 'छोटी इलेक्ट्रिक' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. युरोपात क्वाड्रिसायकल नावाचा प्रकार आहे, म्हणजे मोटारीहून हलकी, कमी ताकदीची चारचाकी. सिट्रोएनची आमी त्यातलीच : साडेपाच युनिटची बॅटरी, कमाल वेग ताशी ४५. या प्रकाराला मोटारीला लागू असलेल्या धडक चाचण्या लागू नाहीत. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०१४ आणि २०१६ मध्ये असल्या काही गाड्या स्वतःहून धडकवून बघितल्या आणि निकाल काळजी वाटावी असे होते. गल्लीबोळात ठीक, पण तुमच्या रस्त्यावर ट्रक ऐंशीने जात असतील तर नको.

आणि खऱ्या मोटारींतही नुसती लांबी बघून ठरवू नका. डाचिया स्प्रिंगला २०२१ मध्ये युरो एनकॅपचा एक तारा मिळाला. त्याच वर्षी फियाटच्या इलेक्ट्रिक ५०० ला चार मिळाले, आणि ती स्प्रिंगपेक्षा लांबीला थोडी कमीच आहे. गाडी लहान असूनही मजबूत बनवता येते, बनवणाऱ्याने मनावर घेतलं तर. घेण्याआधी त्या मॉडेलची चाचणी शोधा, आणि तुम्ही घेताय त्या प्रकारात एअरबॅग किती आहेत तेही.

ओंजळ

काठावर, +१. मुलांना शाळेत सोडणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.

वळणवाट

महामार्गाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेलात की तो पावणेतीन पट. छोट्या गाड्या उंच आणि चौकोनी असतात, त्यामुळे त्यांना हे जास्त जाणवतं. २० युनिटची गाडी शहरात दीडशे किलोमीटर देत असेल तर शंभरच्या वेगाला जेमतेम एकशेवीस. नंतर १० ते ८० टक्के भरलंत तर मिळाले १४ युनिट, म्हणजे पुढचे ८०-८५ किलोमीटर, की पुन्हा पाऊण तास थांबा. लांबच्या प्रवासाला ही गाडी नाहीच, आणि विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी नाही. घरात दुसरी गाडी असेल किंवा वर्षातून थोड्या वेळा भाड्याने घ्यायची तयारी असेल, तरच हा मेळ जमतो.

एक उपयोगाची गोष्ट : मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दरवाजे, स्क्रीन, संगणक तिच्यावर चालतात, आणि मोठी बॅटरी जोडणारा स्विचही तीच ओढते. माझी एकदा बसली. मोठी बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली, तरी गाडी उघडेना. रिमोटमध्ये लपलेल्या चावीने आत शिरलो आणि १२ व्होल्टला बाहेरून वीज दिली तेव्हा सगळं जिवंत झालं. ती चावी कुठे असते आणि बॉनेट हाताने कसं उघडायचं, हे गाडी घेतल्या दिवशीच शिकून घ्या.

हिमकण

मी कडाक्याच्या थंडीत राहते, त्यामुळे माझा हिशोब वेगळा. इंजिनाची वाया जाणारी उष्णता पेट्रोल गाडीत केबिन फुकट तापवते. इथे प्रत्येक अंश बॅटरीतून येतो. साधा हीटर सुरुवातीला तीन-चार किलोवॅट घेतो. शून्याखाली २० किलोमीटर जायचं असेल तर गाडी चालायला अडीच-तीन युनिट आणि तापवायला दीड-दोन. छोट्या अंतराच्या फेऱ्यांना हा फटका जास्त बसतो, कारण दर वेळी गार पडलेली गाडी नव्याने तापवायची. रेंज निदान तिसऱ्या हिश्शाने घटते असं धरूनच गाडी निवडा.

इथेही प्लगच कामाला येतो. निघण्याआधी अर्धा तास, केबल लावलेली असतानाच केबिन तापवते, ती वीज भिंतीतून जाते. मग वाटेत फक्त सीट आणि स्टिअरिंगची ऊब चालू ठेवते. सीटला शंभरेक वॅट पुरतात. हीट पंप (उलटा चालणारा एसी, कमी विजेत जास्त ऊब देतो) असलेली गाडी मिळत असेल तर थंड प्रदेशात तीच घ्या. आणि शून्याखाली गारठलेली बॅटरी फास्ट चार्जरवरही हळूच भरते, कारण घाई केली तर आत लिथियमचा थर साचतो. गाडी स्वतःच वेग कमी करते, चार्जरवर रागावू नका.

शून्यमिनिट

वाचतोय सगळं. दोन शंका : छोटी बॅटरी रोज चार्ज करून लवकर मरत नाही का? आणि जुनी गाडी घ्यावी का?

कणाकणाने

बॅटरीचं वय दोन घड्याळांवर चालतं, एक चक्रांचं आणि एक दिवसांचं. एक चक्र म्हणजे पूर्ण बॅटरीएवढी वीज वापरून पुन्हा भरणं. २० युनिटच्या बॅटरीतून रोज साडेपाच-सहा युनिट वापरले तर वर्षाला पूर्ण चक्रं शंभराच्या आसपासच होतात. रोज प्लग लावला म्हणून रोज एक चक्र होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी दोन हजारांच्या वर चक्रं सहज काढते. म्हणजे चक्रांनी ती मरणार नाही.

दिवसांच्या घड्याळाला उष्णता आणि भरलेपण या दोन गोष्टी घाई करतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबवा, लांब जायच्या आदल्या रात्रीच १०० करा. एलएफपीला मात्र आठवड्यातून एकदा १०० पर्यंत भरू द्यावं लागतं. तिचा व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीला कळेनासं होतं. शंभरला नेलं की तिचा अंदाज पुन्हा ताळ्यावर येतो. आपल्या गाडीत कोणती आहे हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं.

उष्णतेचं उदाहरण निसान लीफचं. २०१० साली आली तेव्हा २४ युनिटची बॅटरी होती आणि ती थंड करायला पाण्याची व्यवस्था नव्हती. ॲरिझोनासारख्या तापलेल्या भागात त्या बॅटऱ्यांची क्षमता झपाट्याने घटली. म्हणून उन्हाळा कडक असेल तर बॅटरी कशाने थंड होते ते विचारा, आणि उन्हात शंभर टक्के भरून दिवसभर उभी ठेवू नका.

जुनी गाडी : जरूर घ्या, पण क्षमता तपासून. एक ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि त्या मॉडेलचं ॲप, एवढ्याने बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरला ७० टक्क्यांची हमी देतात, ती किती उरलीय ते बघा. ८० टक्क्यांवर आलेली २० युनिटची बॅटरी म्हणजे १६ युनिट, शहरात ११०-१२० किलोमीटर. तुमची ये-जा ४० ची असेल तर ती गाडी तुमच्यासाठी अजून तरुण आहे.

शून्यमिनिट

धन्यवाद. पार्किंगमध्ये सॉकेट आहे, जुना आहे. आधी तो बदलून घेतो, मग गाडी बघायला जातो.

चकवा

रोहित्र, तुमचा भाराचा हिशोब आणि टायमरची कल्पना छापून कमिटीच्या बैठकीत नेतोय. अजून दोघांनी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, त्यांनाही सोबत घेतो. आणखी काय नेऊ?

रोहित्र

इमारतीचं गेल्या बारा महिन्यांचं सामायिक वीजबिल न्या. त्यावर मंजूर भार छापलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्या महिन्यातली सर्वाधिक मागणीही. दोन्हीतला फरक म्हणजे आत्ता शिल्लक असलेली जागा. तिघांना रात्री अकरानंतर ३.३ किलोवॅट म्हणजे दहाच्या आत, तेवढी जागा बहुतेक निघते. नाही निघाली तर भार वाढवून घ्यायचा अर्ज त्याच बैठकीत मंजूर करून घ्या. केबलचा मार्ग मीटररूमपासून पावलांनी मोजून साध्या कागदावर काढून न्या, आणि आग लागली तर काय हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आरसीसीबी आणि स्वतंत्र एमसीबी त्या कागदावर दाखवा. नकाशा तयार झाला की इथे टाका, तारेचं माप मी तपासून देतो.